जकातीची भरपाई मिळते. वाढलेल्या जीएसटीची कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकांच्या खात्यात जीएसटी अनुदानाचा हप्ता जमा झाला की 'राज्याचा पालिकांना दिलासा' अशी बातमी येते. वाचणाऱ्याला वाटावे, राज्याने औदार्य दाखवले. हा हप्ता 2017 च्या कायद्याने बांधलेला आहे आणि तो केंद्राच्या एका निर्णयामुळे बुडालेल्या उत्पन्नापोटी आहे. त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. केंद्राच्या निर्णयाने पालिकांचे उत्पन्न गेले, त्याची भरपाई ठरली. केंद्राच्याच निर्णयांनी पालिकांचा खर्च वाढतो, त्याचा हिशेब कुठल्याच सूत्रात धरलेला नाही. पत्र लांबेल, कारण नियम आणि आकडे सांगितल्याशिवाय हा मुद्दा कळत नाही.

आधी भरपाईचे. 101 व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतील 52 वी नोंद वगळली. स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावर कर लावण्याचा अधिकारच त्या नोंदीवर उभा होता. त्यामुळे 1 जुलै 2017 पासून मुंबईची जकात आणि इतर महापालिकांचा उरलासुरला एलबीटी (स्थानिक संस्था कर) बंद झाला. उरलासुरला अशासाठी, की 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना राज्याने 1 ऑगस्ट 2015 पासूनच एलबीटीतून मोकळे केले होते. मे 2017 च्या विशेष अधिवेशनात विधिमंडळाने भरपाईचा कायदा केला. सूत्र एका ओळीचे: 2016-17 चे उत्पन्न हा पाया, त्यावर दर वर्षी चक्रवाढीने 8 टक्के. मुंबईला ही रक्कम दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ द्यायची. जुलै 2017 चा मुंबईचा पहिला हप्ता 647 कोटी 34 लाखांचा होता. 2025-26 च्या मुंबईच्या अर्थसंकल्पात या भरपाईपोटी सुमारे 14,398 कोटी धरले होते, म्हणजे महिन्याला 1,200 कोटी. पहिला हप्ता 8 टक्क्यांनी आठ वेळा वाढवून पाहा, जवळपास हाच आकडा येतो.

याच काळात केंद्राने राज्यांना जी हमी दिली तिचा पाया 2015-16 चा होता आणि वाढ 14 टक्के. राज्याच्या त्या पायाभूत उत्पन्नात जकात आणि एलबीटीही धरले होते. म्हणजे पाच वर्षे राज्याला या रकमेवर 14 टक्क्यांची हमी होती आणि राज्य पालिकांना 8 टक्क्यांनी देत होते. मात्र 30 जून 2022 ला केंद्राची भरपाई संपली आणि तेव्हापासून पालिकांचा हप्ता राज्य स्वतःच्या महसुलातून देते आहे, हेही सांगितले पाहिजे. या बाबतीत राज्याला दोष देणे बरोबर नाही.

मुंबईखेरीज बाकीच्या 28 महापालिकांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचा हप्ता महिन्याचा शासन निर्णय निघेल तेव्हा येतो. वित्त विभागाची संमती, मग निर्णय संकेतस्थळावर, मग बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) तरतूद, मग कोषागार. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार करायचा असतो आणि 'ड' वर्गातल्या, म्हणजे सर्वांत लहान, महापालिकांत पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल हे सगळे मुख्यतः याच पैशावर चालते. हप्ता 20 तारखेला आला की लेखा विभाग ठेकेदारांची बिले मागे ठेवतो. ठेकेदार पुढच्या निविदेत तो उशीर दरात चढवतो. उशिराचे व्याज कुठल्याही लेखाशीर्षात दिसत नाही, पण नागरिक ते भरतो.

पायाभूत वर्षाचाही घोळ आहे. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला, म्हणजे पायाभूत वर्षाच्या मध्यावर जन्माला आली. पुण्यात ऑक्टोबर 2017 मध्ये 11 आणि जून 2021 मध्ये 23 गावे आली. त्या गावांचा 2016-17 च्या एलबीटीत एक रुपया नव्हता. त्यांचे रस्ते, ड्रेनेज आणि टँकर मात्र महापालिकेच्या अंगावर आले. इचलकरंजी आणि जालना या अलीकडच्या महापालिका. नगरपालिकांची जकात 1999 मध्येच बंद झाली होती, त्यामुळे या दोघींकडे 2016-17 चे एलबीटीचे उत्पन्न नव्हतेच आणि भरपाईसाठी त्यांना वेगळी मागणी लावून धरावी लागली. एका वर्षाच्या वसुलीवर कायमचे सूत्र बसवले की असे होणारच.

आता खर्चाची बाजू.

जीएसटी लागू झाला तेव्हा बांधकामाच्या ठेक्यावर 18 टक्के होते. 22 ऑगस्ट 2017 पासून सरकार आणि स्थानिक संस्थांच्या पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते अशा कामांवर तो 12 टक्के झाला. 18 जुलै 2022 पासून पुन्हा 18. मातीकाम 75 टक्क्यांहून जास्त असलेल्या ठेक्यावर 5 टक्के होते, ते त्याच दिवशी 12 झाले आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 18. जीएसटी परिषदेत राज्ये बसतात हे खरे, पण तिथे एकाही पालिकेला खुर्ची नाही आणि केंद्राच्या संमतीशिवाय तिथे कुठलाही दर बदलत नाही.

50 कोटींचे पाणीपुरवठ्याचे काम घ्या. 12 टक्क्यांनी कर 6 कोटी, 18 टक्क्यांनी 9 कोटी. फरक 3 कोटी. व्यापारी किंवा कारखानदार असा कर पुढे वळता करतो. पालिकेला ती सोय नाही. नळाचे पाणी, गटारे, दिवाबत्ती यांवर ती जीएसटी लावत नाही, म्हणून तिला भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. ती या कराची शेवटची ग्राहक आहे.

सरकारी कामांच्या दरसूचीतले दर जीएसटी वगळून असतात आणि अंदाजपत्रकाच्या शेवटी कर वेगळा मिळवला जातो. जुलै 2022 च्या आधी प्रशासकीय मान्यता मिळालेल्या कामांची अंदाजपत्रके 12 टक्क्यांनी बांधलेली होती. जिथे निविदेत दर 'जीएसटी वगळून' होते तिथे फरक सरळ पालिकेवर आला. जिथे 'सर्व करांसह' होते तिथे ठेकेदाराने काम सावकाश केले, मग मुदतवाढ मागितली, मग वैधानिक करबदलाच्या कलमावर बोट ठेवले. काही ठिकाणी ते कलम निविदेच्या मसुद्यातच नव्हते, कारण मसुदा जुन्या कामाचा उचललेला होता. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या अमृत 2.0 सारख्या केंद्रीय योजनेत तर मंजूर किमतीच्या वरचा बोजा केंद्र उचलत नाही. त्या योजनेत केंद्राचा हिस्सा एक लाखाच्या आतल्या शहरांना 50 टक्के, एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना एक तृतीयांश आणि त्याहून मोठ्यांना 25 टक्के. कराचा दर केंद्राच्या अधिसूचनेने वाढतो, योजना केंद्राची, आणि वाढीतला केंद्राचा वाटा शून्य.

इथे एक बारकावा फार महागात पडला, तो नीट सांगतो. दर बदलतो तेव्हा जुना दर लागेल की नवा, हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 14 ने ठरते. काम कधी झाले, कर बीजक (इन्व्हॉइस) कधी निघाले आणि पैसे कधी मिळाले, अशा तीन तारखा बघायच्या. तिनांपैकी दोन बदलाच्या आधीच्या असतील तर जुना दर, दोन नंतरच्या असतील तर नवा. आपल्याकडची कामाची रीत अशी, की शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो, उपअभियंता तपासतो, रनिंग बिल लेखा विभागात जाते, लेखापरीक्षणाची शेरेबाजी होते, आणि रक्कम नक्की झाल्यावर ठेकेदार कर बीजक देतो. जून 2022 मध्ये झालेले 2 कोटींचे काम जुलैअखेर बिलाला लागले, तर बीजक आणि पैसे दोन्ही 18 जुलैनंतरचे ठरतात. कर 24 लाखांऐवजी 36 लाख. काम जुने, दर नवा. मोजमाप दहा दिवस आधी लिहिले असते आणि बीजक 17 जुलैच्या आत घेतले असते तर 12 लाख वाचले असते. दर वाढण्याची चाहूल परिषदेच्या जूनअखेरच्या बैठकीतच लागली होती. मधले अडीच आठवडे हाताशी होते. पुढच्या वेळी दरबदलाची बातमी आली की मुख्य लेखापालांनी त्याच दिवशी सर्व शाखांना पत्रक काढून झालेल्या कामाची मोजमापे पूर्ण करून घ्यावीत आणि ठेकेदारांकडून बीजके मागवावीत. दर कमी होणार असेल तर याच्या उलट.

सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा 'आता रस्ते स्वस्त होणार' असे बोलले गेले. ठेकेदाराने सिमेंटवर भरलेला कर त्याला वजावटीत मिळत होता. त्याचा खर्च कराविना असलेल्या किमतीचाच होता. कर घटल्याने त्याचे खेळते भांडवल कमी अडकते, एवढाच फायदा. पालिकेला द्यावे लागणारे 18 टक्के तसेच राहतात. सिमेंट पालिकेने स्वतः विकत घेऊन खात्यामार्फत वापरले तर मात्र 10 टक्क्यांचा फरक खरोखर पडतो. आता खात्यामार्फत काम करणारे गवंडी आणि मजूर किती पालिकांकडे उरले आहेत, हा प्रश्न वेगळा.

बचतीचे मार्ग अजिबात नाहीत असे नाही. घटनेच्या अनुच्छेद 243 डब्ल्यू खालील, म्हणजे घटनेने पालिकांकडे सोपवलेल्या, कामांसाठी स्थानिक संस्थेला दिलेली निव्वळ सेवा, म्हणजे जिच्यात माल नाही अशी, करमुक्त आहे. मालाचा वाटा 25 टक्क्यांपर्यंत असलेली संमिश्र सेवाही करमुक्त आहे. 10 कोटींच्या जलवाहिनीच्या कामात पाइप 6 कोटींचे आणि टाकण्याची मजुरी 4 कोटींची धरली, तर एकत्र ठेक्यावर कर 1 कोटी 80 लाख. पाइप पालिकेने थेट घेतले आणि फक्त टाकण्याचा ठेका दिला तर कर पाइपवरचा 1 कोटी 8 लाख. कागदावर 72 लाख वाचतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण करमुक्त सेवा देणाऱ्या ठेकेदाराला खोदाई यंत्राच्या भाड्यावरच्या कराची वजावट मिळत नाही आणि तो ती रक्कम मजुरीत घालतो. शिवाय पाइप भांडारात आले की त्यांची राखण, तुटफूट, रबर रिंगांची मोजदाद पालिकेची. गळती निघाली की पुरवठादार म्हणतो जोडणी वाईट, जोडणारा म्हणतो पाइप वाईट, आणि दोषदायित्वाचा, म्हणजे ठेकेदाराने दोष फुकट दुरुस्त करून देण्याचा, कालावधी या भांडणात संपतो. काम तोडून दिल्याबद्दल लेखापरीक्षणात शेरा बसतो तो निराळाच. त्यासाठी अंदाजपत्रकाच्या टिपणीतच करबचतीचे कारण आकड्यांसह लिहून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता आधी घ्यावी लागते. 25 टक्क्यांच्या सवलतीचेही तसेच. पथदिव्यांच्या देखभालीत मालाचा वाटा किती, हे दरपृथक्करणात (दराच्या फोडीत) दाखवलेले नसेल तर तीन वर्षांनी कर विभागाची नोटीस येते, आणि तोवर ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते.

अशा युक्त्यांनी थोडे फार सावरते. मूळ प्रश्न वाढीव कराच्या पैशाचे काय होते हा आहे. वर धरलेल्या 50 कोटींच्या कामावर 9 कोटी कर. त्यातला निम्मा, साडेचार कोटी, राज्याचा जीएसटी म्हणून थेट राज्याच्या तिजोरीत. उरलेले साडेचार कोटी केंद्राकडे. त्यातले 41 टक्के सर्व राज्यांच्या वाट्याला आणि पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे (2025-26 पर्यंत) त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के होता, म्हणजे या कामातून केंद्रामार्फत महाराष्ट्राला परत मिळत जेमतेम 12 लाख. दरवाढीच्या 3 कोटींपैकी दीड कोटी राज्याला मिळतात. पालिकेने नागरिकांकडून पाणीपट्टी आणि मालमत्ता कर गोळा करायचा, त्यातून कर भरायचा आणि तो राज्याच्या महसुलात मोजला जायचा. ज्या राज्याने जकातीची भरपाई कायद्याने बांधून घेतली, त्याने या दीड कोटीकडे डोळेझाक का करावी?

याला एक उत्तर दिले जाते आणि ते अर्धे खरे आहे. 12 टक्के दराच्या काळात ठेकेदार सिमेंटवर 28 आणि पोलादावर 18 टक्के भरत असे. त्याच्याकडे न वापरता आलेली वजावट साठायची, तिचा काही भाग तो निविदेच्या दरात घालायचा. दर 18 झाल्यावर ती वजावट वापरली जाऊ लागली, म्हणून 3 कोटींचे पूर्ण 3 कोटी रोखीने तिजोरीत पडत नाहीत. आम्हाला हे मान्य आहे. मग ठेकेदाराचे मूळ दर तेवढे खाली यायला हवे होते. दर कराविनाच्या दरसूचीवर बेतलेले असल्याने ते आपोआप खाली आले नाहीत, आणि कुठल्या पालिकेने त्यासाठी वाटाघाटीत आग्रह धरल्याचे क्वचितच दिसते. ठेकेदाराचे भले झाले, पालिकेचे नाही.

आमची सूचना अशी. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा आणि सार्वजनिक रुग्णालये एवढ्याच कामांच्या ठेक्यांवर, दरवाढीतला राज्याचा निम्मा भाग, म्हणजे करपात्र किमतीच्या 3 टक्के, राज्याने पालिकांना आणि नगरपरिषदांना अनुदान म्हणून परत द्यावा. नवा दाखला, नवे पोर्टल, नवी समिती यांची गरज नाही. 1 ऑक्टोबर 2018 पासून प्रत्येक स्थानिक संस्था अडीच लाखांपेक्षा जास्त करपात्र किमतीच्या ठेक्यावर 2 टक्के जीएसटी टीडीएस (ठेकेदाराच्या देयकातूनच कापलेला कर) कापते आणि पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत जीएसटीआर-7 विवरणपत्र भरते. टीडीएस कराविनाच्या किमतीवर असतो, म्हणून कापलेल्या रकमेला 50 ने गुणले की करपात्र किंमत मिळते. आणि 3 टक्क्यांचे अनुदान म्हणजे टीडीएसच्या दीडपट. एखाद्या पालिकेने या कामांवर वर्षात 3 कोटी टीडीएस कापला असेल, तर कामे 150 कोटींची आणि अनुदान साडेचार कोटी. करमुक्त सेवांवर टीडीएस कापायचाच नसतो, त्यामुळे सफाईचे, सुरक्षेचे करमुक्त ठेके आपोआप बाहेर राहतात.

अडचण एकच आहे. जीएसटीआर-7 मध्ये ठेकेदार आणि रक्कम असते, काम कुठले ते नसते. संगणक, पाइप, औषधे यांच्या खरेदीवरचा टीडीएसही त्यातच मिसळलेला असतो. म्हणून पालिकेच्या लेखा संहितेतील लेखाशीर्षनिहाय टीडीएसचा तक्ता मुख्य लेखापालाच्या सहीने तिमाहीला जोडावा आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेने वर्षअखेर त्यातले दहावे प्रकरण मोजमाप पुस्तकाशी ताडून पाहावे. तफावत निघाली तर पुढच्या तिमाहीत कापून घ्यावी. अडीच लाखांखालची कामे यात सुटतील. ती सुटू द्यावीत. त्यांचा हिशेब ठेवण्याचा खर्च अनुदानाहून जास्त होईल.

हे अनुदान दिले आणि ते नेहमीच्या वाटेने आले तर उपयोग नाही. नेहमीची वाट म्हणजे: वर्षभर काही नाही, 31 मार्चला संध्याकाळी बीम्सवर तरतूद, रात्री देयक, आणि एप्रिलमध्ये उपयोगिता प्रमाणपत्राची मागणी. दुसरी वाट त्याहून वाईट. पालिकेकडे कुठल्या प्राधिकरणाची, महामंडळाची किंवा वीज कंपनीची थकबाकी असली की अनुदानातून ती परस्पर वळती होते. पालिकेला कळते ते शासन निर्णयाच्या तक्त्यातल्या 'वजाती' या रकान्यातून. थकबाकी फेडायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण आधीच भरलेल्या कराच्या परतफेडीतून ती वसूल करणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे. रक्कम तिमाहीला, ठरलेल्या तारखेला आणि वळतीविना मिळावी.

केंद्राच्या निर्णयांचा खर्च जीएसटीवर थांबत नाही, म्हणून दोन-तीन गोष्टी थोडक्यात. केंद्राचा वेतन आयोग आला की राज्य तो स्वीकारते आणि मग पालिकांना लागू होतो. सातव्या आयोगासाठी स्थानिक संस्थांचा शासन निर्णय ऑगस्ट 2019 चा आहे. फरकाची रक्कम आणि निवृत्तिवेतनातला फरक पालिकांनीच सोसला. आता न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या आयोगाचे काम सुरू आहे. 8 टक्क्यांची ठरीव वाढ वेतनाच्या उडीला पुरत नाही, आणि आस्थापना खर्चाची 35 टक्क्यांची मर्यादा ओलांडली की पदभरती अडते. मग दाया, फायरमन, पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन ही पदे वर्षानुवर्षे ठेकेदारीवर चालतात.

केंद्राच्या मालमत्तांना अनुच्छेद 285 मुळे मालमत्ता कर लागत नाही. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सेवाशुल्काचे गणित ठरले: सर्व सेवा घेतल्या तर मालमत्ता कराच्या 75 टक्के, काही घेतल्या तर 50 आणि काहीच नाही तर 33⅓ टक्के. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हा आकडा नगरपरिषदेच्या दृष्टीने लहान नाही. त्यासाठी आधी करार लागतो आणि दर वर्षी बिल लावावे लागते. किती नगरपरिषदांकडे असा करार झाला आहे आणि किती दर वर्षी बिल लावतात, हे राज्याने एकदा गोळा करून प्रसिद्ध केले तरी पुष्कळ काम होईल.

ग्रामीण भागात जलजीवन मिशन बघा. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य 50:50, सुरुवातीची मुदत 2024, ती वाढून 2028. केंद्राचा हप्ता रेंगाळला की ठेकेदार थांबतो. चर खोदलेला, पाइप टाकलेला, टाकी अर्धवट, आणि गल्लीतला सिमेंट रस्ता फोडलेला. रस्ता पूर्ववत करण्याची बाब अंदाजपत्रकात असते, पण ती शेवटची. तोवर पावसाळा येतो आणि ग्रामपंचायत आपल्या निधीतून मुरूम टाकते. या मुरमाचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, हे ग्रामसेवकाला विचारा. अशा कामांत ठेकेदाराच्या सुरक्षा अनामतीतून रस्ता दुरुस्तीपुरती रक्कम वेगळी काढून ग्रामपंचायतीच्या खात्यात आधीच ठेवण्याची अट राज्य आजही घालू शकते. त्याला केंद्राची परवानगी लागत नाही.

या सगळ्याला केंद्रानेच पैसे द्यावेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण केंद्राचे पैसे वित्त आयोगामार्फत येतात, पंधराव्या आयोगाच्या काळात (2025-26 पर्यंत) त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, आणि निवडून आलेले सभागृह नसेल तर ते अडतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर राज्यभर प्रशासकांचा काळ किती लांबला, ते सर्वांनी पाहिले. राज्याचे अनुदान हे राज्याच्या हातातले काम आहे. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

नगरविकास विभागाने आगामी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत या 3 टक्क्यांसाठी वेगळे लेखाशीर्ष उघडावे. पहिल्या वर्षी ते फक्त 'ड' वर्ग महापालिका आणि नगरपरिषदांपुरते ठेवले तरी चालेल. रक्कम किती लागेल याचा अंदाज करायला माझगावच्या जीएसटी भवनात जीएसटीआर-7 ची 2018 पासूनची सर्व आकडेवारी पडून आहे. जुलै 2022 नंतरच्या महिन्यांची पालिकानिहाय बेरीज तेवढी काढावी लागेल.

आपले,
नगरपालिका लेखा व अभियांत्रिकी विभागांतील काही निवृत्त कर्मचारी